न्यूट्रल तारेची कुळकथा

श्रोतेहो, दिवेलागणीला आपण भिंतीवरचे बटण दाबतो आणि दिवा लागतो. दिव्याला तारा दोन लागतात. पण बटणातून जाते ती एकच, वीज आणणारी फेजची तार. परतीची न्यूट्रल तार बटणाला न शिवता थेट दिव्याला भेटते. असे का बरे? ह्या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजघर सुरू झाले. दाब ११० व्होल्ट, तारा दोन. एवढ्या कमी दाबाची वीज दूर न्यायची तर तार जाड हवी, आणि तांबे तर महाग! त्यावर अमेरिकेत एडिसनने आणि इंग्लंडात जॉन हॉपकिन्सनने स्वतंत्रपणे एकच तोड काढली. दोन जनित्रे एकापुढे एक जोडायची आणि मधल्या सांध्यातून तिसरी तार काढायची. दोन्ही बाजूंना दिवे सारखे असले की ह्या मधल्या तारेतून वीज वाहतच नाही. हीच न्यूट्रल. तिन्ही तारा सारख्या जाडीच्या धरल्या, तरी पूर्वी आठ मण तांबे लागे तिथे तीन मण पुरू लागले. ४ जुलै १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियातील सनबरी गावी ही पद्धत चालू झाली.

पण ही गरीब तार तुटली की अनर्थ होतो. मग दोन्ही बाजूंचे दिवे एका माळेत येतात, आणि जिकडे दिवे थोडे तिकडे दाब दुपटीपर्यंत चढून दिवे जळतात. खांबावरची न्यूट्रल तुटल्यावर काही घरांत दिवे मिणमिणतात आणि काही घरांत फुटतात, हा प्रकार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचे मूळ हेच. म्हणून पहिला धडा मिळाला, की न्यूट्रल एकटी तोडू नये.

दुसरा धडा जिन्याच्या दिव्याने शिकविला. खालून आणि वरून, दोन्हीकडून लागणाऱ्या दिव्यासाठी अमेरिकेत कार्टर पद्धत निघाली. तिच्यात तार वाचे. पण दोन्ही बटणांत फेज आणि न्यूट्रल आणलेल्या असत. दिवा विझलेला असे, तेव्हा त्याची दोन्ही टोके न्यूट्रलवर असत, नाहीतर दोन्ही फेजवर! अंधारात दिवा बदलणाऱ्याने काय समजावे? तिथल्या नियमावलीने १९२३ साली ही पद्धत बंद केली.

आपल्याकडे १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी हेच सांगितले: न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा एकटे बटण नको, तोडायचीच तर फेजबरोबर एकाच वेळी तुटली पाहिजे. ते नियम पुढे बदलले, तत्त्व मात्र राहिले. बटण न्यूट्रलवर बसविले तरी दिवा विझतोच. पण होल्डर जिवंत राहतो. फसगत होते ती इथेच.

आता काळ फिरला आहे. दुरून चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बटणांना दिवा बंद असतानाही थोडी वीज लागते. म्हणून अमेरिकेच्या २०११ च्या नियमावलीने बहुतेक दिव्यांच्या बटणांपाशी न्यूट्रल आणून ठेवण्यास सांगितले. आपल्या बोर्डात प्लगसाठी ती बहुधा असतेच. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बोर्डातला न्यूट्रलचा सांधा पक्क्या कनेक्टरमध्ये घट्ट आवळलेला हवा. नुसता पीळ देऊन पट्टी गुंडाळलेला नको. आणि दोन वेगळ्या फ्यूजांवरच्या न्यूट्रल एकत्र बांधू नयेत. एक फ्यूज काढला तरी दुसऱ्याची वीज त्या सांध्यातून वाहत राहते, आणि सांधा सोडणाऱ्याच्या हाताला झटका बसतो.

शिक्षक बंधुभगिनींनी हे मुलांना बॅटरीचा सेल, छोटा बल्ब आणि दोन तारा घेऊन दाखवावे. घरच्या विजेवर प्रयोग नको. आणि पुढच्या खेपेस घरी वायरमन आला, तर त्याला एवढेच विचारा: ‘दादा, बटण फेजवरच आहे ना?’