चेहऱ्याची किंमत

प्राचीन आयरिश भाषेत 'एनेख' म्हणजे चेहरा आणि 'एनेख' म्हणजेच अब्रू. सातव्या-आठव्या शतकांत लिहिल्या गेलेल्या ब्रेहॉन कायद्यांनी या अब्रूचा दरही ठरवून टाकला होता. त्याला म्हणत 'लोग नेनेख', चेहऱ्याची किंमत. छोट्या राज्याच्या राजाची किंमत सात कुमल. कुमल म्हणजे मुळात दासी, पण व्यवहारात बहुधा तीन दुभत्या गाई. शेतकऱ्याचा दर अर्थातच कितीतरी कमी. पाहुण्याला दारातून परत पाठवले तरी त्याच्या चेहऱ्याची किंमत मोजावी लागे.

कायदा बारकाव्यातही शिरला होता. कुणाच्या रूपाची टिंगल करणे, व्यंग चारचौघांत सांगणे, कायमचे चिकटेल असे टोपणनाव ठेवणे, हे सगळे गुन्हेच. अपमानाने तोंड लाल होण्यालाही कायद्यात नाव होते, 'एनेखरुके'. शब्दाने झालेली जखम इतक्या गांभीर्याने मोजणारा समाज विरळाच.

शब्दांना एवढे वजन का, ते आयर्लंडमधल्या अल्स्टरचा राजा फर्गस मॅक लेटी याच्या कथेतून कळते. सरोवरातला राक्षसी जलचर पाहून भीतीने त्याचा चेहरा असा वाकडा झाला, की तोंड डोक्याच्या मागे गेले. व्यंग असलेल्याला राजपद नाही, हा नियम. दरबारातल्या शहाण्यांना मात्र तो राजा म्हणून हवा होता. त्यांनी टवाळखोरांना वाड्याबाहेर काढले. पाण्यात प्रतिबिंब दिसू नये म्हणून राजाला उताणे निजवून त्याचे डोके धूत. सात वर्षे हे निभले. एके दिवशी काम हळू करते म्हणून त्याने डॉर्न या दासीला चाबूक मारला आणि तिने त्याचे व्यंग त्याच्या तोंडावर सांगितले. त्याने तिला ठार केले, मग सरोवरात उतरून त्या जलचरालाही मारले आणि तिथेच प्राण सोडला.

कथा थरारक खरी, पण तिच्यात सर्वांत कमी मोल आहे ते डॉर्नच्या जिवाला, आणि ते विसरून चालणार नाही. ही कथा कायद्याच्या ग्रंथांसोबतच टिकली. १९५२ साली डी. ए. बिंची यांनी ती संपादित करून छापली.

आजच्या आयरिशमध्ये चेहऱ्याला 'आय' म्हणतात, तर कपाळाला 'एडन', आणि काही बोलींत हाच 'एडन' चेहऱ्यासाठीही चालतो. रागाने भुवया चढवलेल्या माणसाच्या भुवईवर डुक्कर बसले आहे, असे म्हणतात. जुना 'एनेख' मात्र चेहऱ्यावरून उतरला. 'इनख' या रूपात तो आता मान, औदार्य आणि पाहुणचार यांचे नाव आहे.