गासचा कारभार कोणाकडे?

वसईच्या इतिहासात तहनाम्यांना तोटा नाही. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने हुमायूनच्या भयाने वसईचा मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या यास देऊन टाकला. गास, निर्मळ, भुईगाव येथील कुळांना हे वृत्त समजले असेल, ते सारा वसूल करणारे हात बदलले तेव्हाच. १६ मे १७३९ रोजी किल्ला चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाला. त्या वेळच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती जनांच्या देवळांचा तरी उल्लेख होता. पोर्तुगीज गेले, आमचे पूर्वज येथेच राहिले. पुढे १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत केली आणि १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली. मध्यंतरी, १८०२ साली, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह आपल्या गावाचे नाव मिरवतो. शाळेत आम्ही तो पाठ केला. पण वसईच्या रयतेचा प्रश्न त्यात नव्हताच.

स्वराज्यात तरी विचारून निर्णय व्हावेत, ही अपेक्षा गैर नव्हती. १४ मे १९९० रोजी शासनाने वसई-विरार परिसरासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. इमारती उभ्या राहू लागल्या आणि बावखले, विहिरी, केळीच्या व पानवेलींच्या वाड्या यांवर संकट आले. गावच्या विहिरींचे गोडे पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागले. 'सुवार्ता'चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, ती याच काळात. एक धर्मगुरू पाण्यासाठी रस्त्यावर उतरला, याचे तेव्हा काहींना आश्चर्य वाटले. आम्हांला आश्चर्य वाटते ते त्या आश्चर्याचे!

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. गावांचा विरोध होता. त्याचे कारण केवळ घरपट्टी नव्हे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. शहरांसाठीच्या ७४ व्या दुरुस्तीत ग्रामसभा नाही. गाव शहरात गेले की, जेथे प्रत्येक प्रौढ गावकरी उभा राहून जाब विचारू शकतो, ती जागाच नाहीशी होते. रस्ते, दिवे यांबाबत महापालिकेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु नगरसेवकाकडे अर्ज करणे आणि ग्रामसभेत ठराव मांडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

त्याच वर्षी या आंदोलनाच्या बळावर विवेक पंडित अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. ३१ मे २०११ रोजी शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. त्यांत गासही होते. महापालिका उच्च न्यायालयात गेली, स्थगिती मिळाली, आणि गाव होते तेथेच राहिले. दरम्यान २०१४ मध्ये ठाण्याऐवजी पालघर हा आपला जिल्हा झाला. अखेर २०२४ साली शासनाने आपलीच २०११ ची अधिसूचना रद्द केली. त्याच वर्षी जुलैमध्ये फादर दिब्रिटो निवर्तले.

२००९ नंतर गासमध्ये जन्मलेल्या मुलांनी आपल्या गावची ग्रामसभा पाहिलेलीच नाही.