चंदेरी रंग आणि काळवंडलेले पाणी : लघुचित्रे व बिदरी काम यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

रंगसंगतीच्या इतिहासात चंदेरी रंगाचे स्थान वेगळे आहे. इतर रंग द्रव्याच्या वर्णामुळे दिसतात. चंदेरी रंग मात्र प्रकाशाच्या परावर्तनातून भासतो. म्हणूनच चार शाईंच्या नेहमीच्या छपाईत तो केवळ करडा उतरतो. त्यासाठी धातुयुक्त शाई स्वतंत्रपणे वापरावी लागते. प्रस्तुत लेखात या रंगाचा विचार दोन परंपरांच्या आधारे केला आहे.

लघुचित्रांतील चांदी

इराणी, मुघल व राजपूत चित्रांत नद्या व तळी यांचे पाणी दर्शविण्यासाठी चांदीचा उपयोग होत असे. चांदीचा वर्ख खलून, डिंकात कालवून कुंचल्याने लावीत आणि अकीकाने घोटून त्यास चकाकी आणीत. हातात धरलेले पान किंचित हलले की पाणीही चमकत असे. शेजारचे सोने आजही उजळ आहे. परंतु हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीचे सिल्व्हर सल्फाइड होऊन ती काळी पडते. परिणामी चित्रातील एकेकाळचा सर्वांत तेजस्वी भाग अनेकदा सर्वांत काळा झालेला आढळतो.

येथे अभ्यासकाची खरी कसोटी लागते. कृष्णचरित्रविषयक चित्रातील काळी यमुना पाहून तिचा संबंध काव्यपरंपरेतील श्यामल यमुनेशी जोडण्याचा मोह स्वाभाविक आहे. मात्र तो काळेपणा चित्रकाराचा आशय नसून काळाचा परिणामही असू शकेल. क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धतीने चित्रास इजा न करता चांदीचे अस्तित्व तपासता येते. या तपासणीआधी केलेला प्रतीकविचार अपुराच ठरतो.

बिदरी कामातील चांदी

बिदरी कामात चांदीसाठी काळी पार्श्वभूमी हेतुपूर्वक निर्माण केली जाते. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर नक्षी कोरून तीत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात. बीदरच्या जुन्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने मिश्रधातू गडद काळा होतो. चांदी शुभ्र राहते. पुढे ती मंदावली तरी घासून उजळता येते. लघुचित्रातील चांदीचा थर अतिशय पातळ असल्याने तेथे हा उपाय घातक ठरतो. या कलेस २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

निष्कर्ष

धातू एकच, परंतु एका परंपरेत काळा रंग ही योजना आहे, तर दुसरीत ती हानी आहे. सूचीकाराने 'काळे पाणी' अशी नोंद केल्यास ही हानीच पुढील अभ्यासकांसाठी चित्रकाराची योजना ठरते. म्हणून संग्रहालयांच्या सूचीत व विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आजचा रंग आणि मूळ द्रव्य यांच्या नोंदी स्वतंत्र असाव्यात. रंगसंगतीचा इतिहास लिहिताना डोळ्यांना दिसणारा रंग हा पुराव्याचा आरंभ होय, शेवट नव्हे.