डॅश, अक्षर आणि कोलन

न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली घडत होती, तेव्हा तिच्याशी संवाद चाले टेलिटाइपवरून. मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायचं, त्यामुळे कमांडही आखूड झाल्या. फाइलींची यादी हवी तर ‘एलएस’, तीच तपशिलासह हवी तर ‘एलएस -एल’.

डॅशची ही रीत युनिक्सआधीच्या मल्टिक्स या प्रणालीतही होती. पण रीत म्हणजे नियम नव्हे. डॅशनंतरची ही अक्षरं, म्हणजे ऑप्शन, कशी वाचायची ते जो तो प्रोग्राम आपल्यापुरतं ठरवी. ‘टार’ या कमांडचं डॅशवाचून अडत नसे; ‘डीडी’ तर आजही ‘आयएफ=’, ‘ओएफ=’ असं लिहून घेते, आयबीएमच्या जेसीएल या भाषेच्या वळणावर.

शिस्त आणली ‘गेटऑप्ट’ या सी भाषेतल्या फंक्शननं. युनिक्सच्या १९८० च्या सिस्टिम थ्री आवृत्तीत ते आलं आणि १९८५ मध्ये डॅलसच्या युनिफोरम परिषदेत बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टीनं त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. त्याचं सगळं व्याकरण एका ओळीत मावतं: चालणारी अक्षरं सलग लिहायची आणि ज्या अक्षराला पुढे मूल्य हवं त्याच्यानंतर कोलन द्यायचा. ‘एबी:’ म्हणजे ‘ए’ नुसता, ‘बी’ला मात्र सोबत काहीतरी हवं. इतकी काटकसरीची आणि इतकी पुरेशी खूण संगणकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

शेल स्क्रिप्टमध्ये मात्र ते फसत होतं. तिथे गेटऑप्ट ही वेगळी कमांड. ती ऑप्शन नीट लावून एक सलग ओळ छापायची आणि शेल ती ओळ मोकळ्या जागांवर पुन्हा तोडायचा. फाइलीचं नाव ‘लग्नाचे फोटो’ असेल तर स्क्रिप्टच्या हाती ‘लग्नाचे’ आणि ‘फोटो’ अशा दोन फाइली! अवतरणचिन्हं घालूनही उपयोग नसे, कारण ती वाटेतच गळून पडत.

१९८६ मध्ये सिस्टिम फाइव्हच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर बॉर्न शेलमध्ये ‘गेटऑप्ट्स’ आलं. हे शेलच्या पोटातच राहतं, त्यामुळे ओळ छापून ती पुन्हा तोडण्याचा प्रश्नच मिटला. दर हाकेला ते एक ऑप्शन देतं; मूल्य ‘ऑप्टआर्ग’मध्ये ठेवतं, पुढच्या शब्दाचा क्रमांक ‘ऑप्टइंड’मध्ये. पॉझिक्स या प्रमाणकानंही तेच स्वीकारलं.

दोन डॅशांची लांब नावं रुळवली ग्नू प्रकल्पानं. पॉझिक्सच्या गेटऑप्ट्सला ती अजून कळत नाहीत. पायथॉन भाषेत ‘आर्गपार्स’ हे नवं मॉड्यूल आलं, तरी जुनं ‘गेटऑप्ट’ मॉड्यूल टिकून आहे. त्यात मूल्य हवं असेल तर एका अक्षराच्या ऑप्शनला कोलनच लागतो, आणि लांब नावाच्या शेवटी बरोबरचं चिन्ह.