स्वयंचलित चाचण्यांद्वारे प्रोग्रॅमिंगचे अध्ययन

स्वयंचलित चाचण्यांद्वारे प्रोग्रॅमिंगचे अध्ययन ही नवशिक्या विद्यार्थ्यास संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकविण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत प्रश्नाबरोबरच त्याचे उत्तर तपासणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, म्हणजेच चाचण्या, विद्यार्थ्याला आधीच दिलेल्या असतात. सर्व चाचण्या उत्तीर्ण होईपर्यंत तो आपल्या आज्ञावलीत सुधारणा करीत राहतो आणि प्रत्येक टप्पा आवृत्ती नियंत्रण प्रणालीत, बहुधा गिटमध्ये, नोंदवितो.

इतिहास

विद्यार्थ्यांच्या आज्ञावल्या यंत्राकडूनच तपासून घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधील जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी १९६० मध्ये अशा तपासनीस आज्ञावलीविषयी लेख प्रसिद्ध केला. त्या काळी आज्ञावल्या छिद्रित कार्डांवर लिहिल्या जात. मात्र तेथे चाचणी शिक्षकाच्या हाती होती. ती आज्ञावली लिहिणाऱ्याच्याच हाती देण्याचे श्रेय मुख्यतः केंट बेक यांच्याकडे जाते. त्यांनी व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये जावा भाषेसाठी ‘जेयुनिट’ हे चाचणी-साधन तयार केले. त्याची सुरुवात झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात झाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट ही प्रणाली लिहिली. कॅट्रिना ओवेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेले ‘एक्झरसिझम’ हे विनामूल्य संकेतस्थळ या पद्धतीचे परिचित उदाहरण होय.

अध्ययनाची रीत

दिलेले वर्ष लीप आहे की नाही हे ठरविण्याचा प्रश्न नवशिक्यांना नेहमी घातला जातो. समजा, त्यासोबत २०१५, १९९६, १९०० आणि २००० या वर्षांच्या चार चाचण्या आहेत. ‘चारने भाग जातो ते लीप वर्ष’ हा शाळेत पाठ केलेला नियम लिहिला, की तीन चाचण्या उत्तीर्ण होतात. १९०० ची मात्र अनुत्तीर्ण होते, कारण शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते. ही दुरुस्ती केली, की १९०० सुटते, पण आतापर्यंत बरोबर असलेले २००० चुकते. चारशेने भाग जाणाऱ्या वर्षाचा अपवाद राहिलेला असतो. ‘उत्तर चूक’ एवढाच शेरा मिळाला असता तर चूक नियमाच्या कोणत्या भागात आहे, हे विद्यार्थ्याला उमगले नसते. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तरांनी ते काम कधीच साधले नाही.

येथेच आवृत्ती नियंत्रणाचा उपयोग कळतो. तीन चाचण्या उत्तीर्ण होताच केलेली नोंद (कमिट) सुरक्षित राहते. पुढील दुरुस्ती फसली तरी मागील स्थितीत परतता येते. त्यामुळे चालू असलेले काही बिघडेल ही नवशिक्याची भीती पुष्कळ कमी होते. प्रत्येक नोंदीसोबत काय बदलले व का बदलले, हे एका ओळीत लिहावे लागते. शिक्षकाला अखेरच्या उत्तराबरोबर खोडाखोडीची कच्ची वहीही वाचावयास मिळते, आणि विद्यार्थी कोठे अडखळला हे त्या वहीतूनच समजते.

मर्यादा

चाचण्या उत्तीर्ण होणे म्हणजे विषय समजणे नव्हे. वरील उदाहरणात ‘१९९६ किंवा २००० असेल तर होय, अन्यथा नाही’ असे लिहूनही चारही चाचण्या उत्तीर्ण होतात. अशी पळवाट न कळता स्वीकारली जाऊ नये म्हणून काही शिक्षक स्वतःकडे वेगळ्या चाचण्या राखून ठेवतात. आज्ञावली सुवाच्य आहे काय, नावे अर्थपूर्ण आहेत काय, हे उत्तर तपासणाऱ्या चाचण्यांना कळत नाही. एक्झरसिझमवर त्यासाठी स्वयंसेवक मार्गदर्शक उत्तरे वाचून अभिप्राय देतात. गिटमधील आज्ञा आणि दोन बदल एकमेकांशी भिडल्यास येणारे सूचनासंदेश हा नवशिक्यास मूळ प्रश्नाहूनही कठीण विषय ठरू शकतो. हे संदेश सामान्यतः इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला म्हणून पहिल्या काही आठवड्यांत चाचणीचा निकाल वाचावयास शिकविणे हाच एक स्वतंत्र पाठ होतो. तो वगळल्यास अनुत्तीर्ण चाचणीने दाखविलेली चूक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.