सांगाड्याचा कोन, आट्यांचे माप

आज २९ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्रेल सायकलीचे रिम आर्णी किंवा घाटंजीच्या बाजारात दुधाचे कॅन लटकवून उभ्या असलेल्या २८ इंची काळ्या सायकलीच्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरने लहान असते. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास मोजला, तर नव्या सायकलीचा ६२२ मिलिमीटर भरतो आणि जुन्या काळीचा ६३५. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. इंचांतला आकडा हा टायरसकट बाहेरचा व्यास असतो, आणि तोही ज्या टायरसाठी ते माप पहिल्यांदा ठरले त्याचा. पुढे टायर जाड झाले, बारीक झाले, पण आकड्याचे नाव तसेच राहिले. डोंगरवाटांवर चालवायच्या आजच्या सायकलीत अशी जुनी मापे जागोजागी दडलेली आहेत. ती उकलायची तर आपल्याला १८८५ सालाच्या इंग्लंडात जावे लागते आणि तिथून वऱ्हाडमार्गे परतावे लागते.

त्या वर्षी कॉव्हेंट्रीत जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. दोन जवळपास सारखी चाके, मागच्या चाकाला साखळी आणि दोन्ही चाकांच्या मध्ये बसणारा माणूस ही आजची ओळखीची रचना तिथून रूढ झाली. त्याच १८८५ साली लंडनच्या लिन्ली आणि बिग्ज या जोडीने ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली होती, तिची आठवण मात्र फार थोड्यांना असते. तिच्यात सीट, हँडल आणि पायडल यांचा त्रिकोण एकसंध ठेवून तो स्प्रिंगच्या आधाराने बाकीच्या सांगाड्यावर तोललेला होता. म्हणजे आज ज्याला आपण फुल सस्पेन्शन म्हणतो, त्याची कल्पना सायकलीच्या पहिल्याच पिढीत जन्मली होती. भरीव रबराच्या टायरवर दगडी रस्त्याने जाणाऱ्यांची हाडे खिळखिळी होत, आणि व्हिपेट हा त्यावरचा उपाय होता. मग १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने हवेचा टायर आणला. (त्यालाही पूर्वज निघाला. रॉबर्ट थॉमसनने हवेच्या टायरचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते, त्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे टिकले नाही.) हवेने हादरे गिळले आणि स्प्रिंगचे सांगाडे अडगळीत गेले. १८९०च्या सुमारास हंबरच्या कारखान्यातून निघालेला चौकटीचा सांगाडा, म्हणजे दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून केलेली नळ्यांची रचना, हलका, बळकट आणि स्वस्त होता. पुढची शंभर वर्षे त्याला कोणी हलवू शकले नाही.

त्या सांगाड्यात हँडलची नळी जमिनीशी ६७ अंशांच्या आसपास कललेली असे. पुढचे चाक धरणारा चिमटा खाली जाताना पुढे बाकदार होई आणि चाकाचा आस तीनेक इंच पुढे येई. तेव्हाचे रस्ते खडबडीत, क्वचितच डांबरी. पडका कोन आणि लांब बाक यांमुळे चिमटा थोडा लवचिक होई, आणि दोन चाकांमधले अंतर वाढल्याने सायकल खड्ड्यांतून शांतपणे जाई. रस्ते गुळगुळीत झाले तसे युरोपातल्या सायकलींचे कोन उभे होत गेले. खराब रस्त्यांच्या मुलुखांसाठी बनणारी ‘रोडस्टर’ मात्र त्याच कोनावर राहिली.

कोनाइतकीच आट्यांची गोष्टही पाहण्याजोगी आहे. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये रोलर साखळी केली. पुढे तिच्या दोन पिनांमधले अंतर अर्ध्या इंचावर स्थिरावले. सुटे भाग बनवण्यात अग्रेसर होती ती बंदुका बनवणारी बर्मिंगहॅमची बीएसए कंपनी. बंदुकीच्या कारखान्यात एका बंदुकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे ही शिस्त असते, ती सायकलीत उतरली. १९०२ मध्ये इंग्लंडच्या सायकल अभियंत्यांच्या संस्थेने आट्यांची मापे ठरवून दिली, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी एका इंचात २६ आटे. पायडलचा आस ज्या नळीतून जातो तिच्यासाठी १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे हे माप पुढे बीएसएच्या नावाने जगभर पसरले.

आपल्याकडे हे यंत्र लवकर आले. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत आणि रामूअण्णा बेळगावात दुकान पाहत. लोखंडी नांगराच्या आधी किर्लोस्करांच्या घरात सायकल आली होती, हे नांगराच्या कौतुकात विसरले जाते. आता वऱ्हाडाकडे वळू. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणीच्या नावाने ओळखला जाई, १९०५ मध्ये तो यवतमाळ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी इथला कापूस नेण्यासाठी मूर्तिजापूरपर्यंत अडीच फुटी रेल्वे घातली गेली, लोकांची ‘शकुंतला’. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरचा रुंद रूळ होता, म्हणून प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. दोन मापे जुळली नाहीत की मधला हमाल पोसावा लागतो, हे या जिल्ह्याने सायकलींची मापे विस्कटण्याच्या कितीतरी आधी पाहिले आहे.

सायकलीच्या बाबतीत मात्र माप एकच राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स उभी राहिली, १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, पन्नाशीच्या दशकातच आसनसोलला सेन-रॅले आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो. यांपैकी कोणी इंग्रजी कंपनीशी करार करून आले, कोणी इंग्रजी नमुना समोर ठेवून. भारतीय मानक संस्थेने फ्रेम, रिम, टायर यांची मापे कागदावर आणली तीही त्याच वळणाची. हिंद आणि सेन-रॅले डबघाईला आल्यावर १९८० मध्ये संसदेला त्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा करावा लागला. कारखाने बुडाले, पण त्यांच्या सायकली रस्त्यावरून हटल्या नाहीत, कारण एकाचा हब दुसऱ्याच्या फ्रेममध्ये बसत होता. दारव्ह्याच्या किंवा महागावच्या झाडाखालच्या मिस्त्रीकडे दोनतीन पाने, छर्ऱ्यांची डबी, कॉटर पिनांचा पुडा आणि सोल्यूशनची ट्यूब एवढ्या सामानावर कोणतीही सायकल उभी राही.

सांगाड्याला इथल्या मातीने आणि माणसांनीही थोडे घडवले. सरकीची पोती, गवताचे भारे, मागे बायको आणि पुढे दांडीवर पोर असा संसार वाहायचा म्हणून डबल दांडीच्या सायकली खपल्या. पोरांनी दांडीखालच्या त्रिकोणातून पाय घालून ‘कैची’ शोधली. ती हंबरच्या कारखान्यातल्या कुणा आरेखकाच्या स्वप्नातही नसावी. आणि पावसाळ्यात काळी माती. कपाशीच्या जमिनीतली ही चिकण चाकाला धरते, चिमटा आणि मडगार्ड यांमधली बोटभर जागा भरून टाकते, आणि मग चाक फिरतच नाही. शेतकरी मडगार्ड काढून ठेवतो किंवा सायकल खांद्यावर घेतो. टायर आणि सांगाडा यांमध्ये किती मोकळी जागा हवी, हा आजच्या ट्रेल सायकलीच्या आरेखनातला एक कळीचा प्रश्न पुसद-उमरखेडच्या शेतरस्त्यांवर दर जुलैत विचारला जातो.

आता आपण कॅलिफोर्नियाला जाऊ. वाटेत पॅरिसजवळ थोडे थांबायला हवे, कारण १९५१ ते १९५६ या काळात तिथल्या वीसेक तरुणांनी सायकलींना मोटारसायकलीचे स्प्रिंगचे चिमटे लावून रानात उंडारण्याचा एक क्लब चालवला होता. माउंटन बाइकचा इतिहास त्यांना तळटिपेत टाकतो, हे मला अन्यायाचे वाटते. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीच्या पोरांनी सत्तरीच्या दशकात जुन्या बाजारातून श्विन कंपनीच्या जड सायकली उचलल्या. १९३३ मध्ये श्विनने फुगीर, सव्वादोन इंचांच्या आतबाहेरचे टायर आणले होते, २६ बाय २.१२५, म्हणजे ५५९ मिलिमीटरचे रिम. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रिपॅक’ उताराची पहिली शर्यत झाली. उतरताना मागच्या हबमधले ग्रीस जळून धूर होई आणि ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी क्रोममॉली पोलादाचा सांगाडा बांधला, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या सांगाड्यांवर धंदा उभारला, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्डच्या ‘स्टंपजंपर’ने हे वाहन कारखान्यातून बाहेर आणले.

या पहिल्या सायकलींचा कोन श्विनकडून आलेला, रोडस्टरच्या जवळचा होता. मग शर्यती आल्या. १९९० मध्ये ड्युरँगोला पहिली अधिकृत विश्व स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिम्पिकमध्ये प्रवेश मिळाला. शर्यत जिंकायची ती चढावर, म्हणून आरेखकांनी रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीचे वळण उचलले. हँडलची नळी ७१ अंशांपर्यंत उभी झाली, हँडल अरुंद आणि त्याला धरणारी मान लांब. अशा सायकलीवरून तीव्र उतार उतरणे म्हणजे तोंडावर पडण्याची तयारी ठेवणे. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा हवा-तेलाचा चिमटा आला आणि व्हिपेटची विसरलेली कल्पना दारातून परत आली, पण कोन सुधारायला आणखी दोन दशके गेली. स्पेनच्या मोंद्राकेर कंपनीने २०१२ मध्ये लांब सांगाडा आणि आखूड मान यांची जोडी विकायला काढली तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. आज ६५ अंशांच्या आसपासचा कोन, ७६ ते ७८ अंशांची सीटची नळी, ३५ ते ५० मिलिमीटरची मान आणि पाऊण मीटरहून रुंद हँडल हे ट्रेल सायकलीचे सर्वसाधारण रूप झाले आहे.

म्हणजे कोन फिरून रोडस्टरपाशी आला. पण हे घरी परतणे नव्हे, आणि इथेच थोडे गणित करायला हवे. हँडलचा आस खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे भिडेल, त्याच्या मागे काही अंतरावर टायर टेकलेला असतो. हे अंतर जितके जास्त तितके चाक वेगात सरळ राहू पाहते. काळ्या सायकलीत चिमट्याच्या लांब बाकामुळे ते सुमारे ७० मिलिमीटर भरते. नव्वदीच्या उभ्या माउंटन बाइकमध्येही जवळपास तेवढेच. आजच्या ट्रेल सायकलीत कोन पडका, पण बाक जेमतेम ४४ मिलिमीटर, म्हणून ते १२० च्या पुढे जाते. जुन्या आरेखकाने पडक्या कोनातून आराम काढला आणि हँडल हलके ठेवले. नव्याने त्याच कोनातून स्थैर्य काढले, कारण आराम त्याला स्प्रिंग देते.

चाकाचीही अशीच परतफेड झाली. इंग्लंडच्या जेफ ॲप्सने ऐंशीच्या दशकारंभी फिनलंडचे ६२२ मिलिमीटरचे जाड टायर कॅलिफोर्नियाला पाठवले होते, पण माल पुरेसा मिळेना आणि ५५९ चेच राज्य चालले. १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी कंपनीने ‘नॅनोरॅप्टर’ टायर काढला तेव्हा कुठे २९ इंचाला पाय फुटले. त्यापाठोपाठ फ्रेंच प्रवासी सायकलींचे ५८४ मिलिमीटरचे जुने चाक २७.५ इंच असे नाव घेऊन आले.

मापांच्या एकवाक्यतेचा शेवट मात्र या काळात झाला. मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटर होती, ती १४२ झाली आणि २०१४ मध्ये ट्रेक व स्रॅम या कंपन्यांनी १४८ वर नेली. चिमट्याची दांडी एक इंचाची होती, ती १⅛ इंचाची झाली, मग खाली दीड इंच आणि वर १⅛ अशी निमुळती. मागच्या दातऱ्यांच्या गठ्ठ्यासाठी शिमानोचे एक माप, स्रॅमचे दुसरे, पुन्हा शिमानोचे तिसरे. यांतले सगळे व्यापाऱ्यांचे खेळ होते असे मी म्हणणार नाही. निमुळत्या दांडीने चिमट्याला खरोखर बळ आले, आणि १४८ च्या हबमुळे मोठ्या चाकाचे आरे जास्त पसरून बसले, साखळी बाहेर सरकली, टायरला जागा मिळाली. काळ्या मातीत ही जागा कामाची आहे. पण पायडलच्या आसासाठी आटे काढून टाकून ठोकून बसवायच्या बेअरिंगचा जो घाट घातला गेला, त्यात कारखान्याची सोय जास्त आणि चालवणाऱ्याची कमी होती. कुरकुरीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अनेक कंपन्या निमूटपणे १.३७ इंच आणि २४ आट्यांकडे वळल्या. बर्मिंगहॅमचे ते माप आज हजारो डॉलरच्या कार्बन सांगाड्यांत आढळते. पायडलचे आटे आणि साखळीचा अर्धा इंच तर कधी हललेच नाहीत.

यवतमाळात यांतले काय पोचले? नव्वदीत ‘रेंजर’ म्हणून आलेल्या जाड टायरच्या सायकलींनी श्विनचे ५५९ चे रिम पांढरकवड्यापर्यंत आणले, आणि २६ बाय २.१२५ चा टायर आज तालुक्याच्या दुकानात सहज मिळतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या, त्यांत दांडीच नाही. ट्रेल सायकलीची वरची नळीही आता इतकी खाली उतरली आहे की चढता-उतरताना ती जवळपास मुलींच्या सायकलीसारखी वागते. खरी ट्रेल सायकल या जिल्ह्यात हौशी हातांतच आहे. तिचा मागचा गियर जिथे अडकतो तो छोटा कान वाकला तर मिस्त्रीचा इलाज चालत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा कान वेगळा, आणि तो कुरिअरनेच मागवावा लागतो. २०१९ मध्ये स्रॅमने सगळ्यांनी वापरावा असा एकच सार्वत्रिक कान पुढे केला. शेकडो नव्या सांगाड्यांनी तो स्वीकारला. १९०२ नंतर इतक्या झपाट्याने पसरलेले एकमत या धंद्यात क्वचितच दिसले असेल. चार वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच कंपनीने कान काढून टाकून थेट सांगाड्यालाच बसणारा गियर आणला. तो बसतो फक्त सार्वत्रिक कानासाठी घडवलेल्या सांगाड्यांना.