वेतनाच्या ठेवी आणि बक्षिसाची सोडत : देवळीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

वर्धा-यवतमाळ मार्गावरील देवळी हे तालुक्याचे गाव कापसाच्या अर्थव्यवस्थेवर उभे आहे. दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात येतो, हिवाळ्यात तो विकला जातो आणि मृगाच्या तोंडावर तोच पैसा बियाणे, खते व मजुरीकडे वळतो. म्हणजे अशा गावातील बँकेच्या शाखेला शेतकऱ्याची ठेव लाभते ती हंगामापुरती. शिक्षक, प्राध्यापक, तलाठी, ग्रामसेवक, नगरपरिषदेचे कर्मचारी यांचे वेतन मात्र पावसावर अवलंबून नसते. ते दरमहा जमा होते, त्यातील काही भाग खात्यावर पडून राहतो आणि बचत खात्याच्या अल्प व्याजदरात बँकेला वापरावयास मिळतो. निमशहरी शाखांच्या दृष्टीने पगारदार हा सर्वांत हवाहवासा खातेदार ठरतो, तो या कारणामुळे. हा खातेदार मिळविण्यासाठी अन्य देशांत बँकांनी सोडतीचे आमिष दाखविले. भारतात तसे घडले नाही. ते का घडले नाही, आणि सोडतीची जागा येथे कशाने घेतली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परदेशातील उदाहरणे

बचतीला बक्षिसाची जोड देण्याची कल्पना युरोपात जुनी आहे. ब्रिटनमध्ये अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९५६ च्या अंदाजपत्रकात ‘प्रीमियम बाँड’ जाहीर केले आणि १ जून १९५७ रोजी त्यांची पहिली सोडत निघाली. रोखेधारकाचे मुद्दल सुरक्षित राही. व्याजाची एकत्रित रक्कम तेवढी बक्षिसांच्या रूपाने वाटली जाई. दक्षिण आफ्रिकेतील फर्स्ट नॅशनल बँकेने २००५ मध्ये याच तत्त्वावर दरमहा दहा लाख रँडच्या बक्षिसाचे खाते सुरू केले. त्याला मोठा प्रतिसाद मिळाला. परंतु ही योजना म्हणजे लॉटरीच होय, असा निर्णय तेथील वरिष्ठ न्यायालयाने २००८ मध्ये दिल्याने ती बंद पडली. कुवेतमधील बँकांनी तर आपल्याकडे पगार वर्ग करणाऱ्या खातेदारांसाठी स्वतंत्र सोडती ठेवल्या.

भारतीय कायद्याची भूमिका

सोडतीचे आकर्षण आपल्याकडे नव्हते, असे मुळीच नाही. महाराष्ट्रात भिशी घरोघरी परिचित आहे. भिशीत चिठ्ठी कोणाची निघणार एवढाच प्रश्न असतो; प्रत्येकाला आपली पाळी कधी ना कधी मिळतेच. तिचे व्यापारी रूप मात्र निराळे होते. दरमहा ठराविक हप्ता भरावयाचा, ज्याचे नाव सोडतीत निघेल त्याने बक्षीस घेऊन पुढील हप्त्यांतून मोकळे व्हावयाचे आणि उरलेल्यांनी मुदतीअखेर आपली रक्कम, बहुधा व्याजाविना, परत घ्यावयाची, अशी ही पद्धती होती. चालकाला मिळणारा लाभ या बिनव्याजी रकमेत दडलेला असे. सत्तरच्या दशकात अशा योजनांचे पेव फुटले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाने १९७५ मध्ये त्यांवर बंदी घालण्याची शिफारस केली आणि १९७८ मध्ये संसदेने बक्षीस चिट व पैसा फिरवण्याच्या योजनांना बंदी घालणारा कायदा संमत केला. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राद्वारे तो वैध ठरविला.

या कायद्यातील एका तरतुदीकडे अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. राज्य शासनांबरोबरच स्टेट बँक, राष्ट्रीयीकृत बँका इत्यादींना त्याच्या कक्षेतून वगळलेले आहे. बँकांना सोडतीपासून दूर ठेवले ते या कायद्याने नव्हे, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी. ठेवी गोळा करण्यासाठी बक्षीस, लॉटरी, मोफत सहल किंवा दैवाधीन असे कोणतेही प्रलोभन दाखवू नये, असे हे निर्देश सांगतात. २०१६ च्या निर्देशांत अपवाद होता तो केवळ २५० रुपयांपर्यंतच्या किरकोळ भेटवस्तूचा.

शासनाने मात्र हा मोह स्वतःपुरता टाळला नाही. मुंबई राज्यात दारूबंदीचा कठोर पुरस्कार करणारे मोरारजी देसाई केंद्रीय अर्थमंत्री असताना १९६० मध्ये पाच व शंभर रुपयांचे बक्षीस रोखे निघाले. व्याजाऐवजी सोडत, हे तत्त्व ब्रिटिश रोख्यांचेच. पुढे १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. त्याच वर्षी १९ जुलै रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. एकाच वर्षात बँक आणि लॉटरी या दोन्ही गोष्टी सरकारी झाल्या, पण दोहोंची खाती वेगळी राहिली. ती तशी राहिली हे योग्यच झाले. ठेवीची सुरक्षितता जोखण्याचे साधन सामान्य खातेदारापाशी नसते. बक्षिसाची जाहिरात त्याची नजर नेमकी तेथूनच हटविते.

स्पर्धेचे स्वरूप

सोडत निषिद्ध होतीच. शिवाय व्याजदरातही स्पर्धा शक्य नव्हती. बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँक ठरवीत असे. तो मार्च २००३ पासून ३.५ टक्के होता, मे २०११ मध्ये ४ टक्के झाला आणि २५ ऑक्टोबर २०११ रोजी बँकांच्या मर्जीवर सोपविला गेला. तोवर पगारदाराला आकर्षित करण्याचे मार्ग म्हणजे शून्य शिल्लकीचे खाते, अपघात विमा, पगारावर मिळणारे तातडीचे कर्ज इतकेच होते. ही साधने खातेदाराला पटविण्याची. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी खातेदाराला पटविण्याची गरजच भासली नाही. खाते कोठे असावे हे वरून ठरत होते. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षकांचे वेतन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेमार्फत होत असे. गावोगावी शाखा असलेली ती एकमेव बँक होती, हे या व्यवस्थेमागील सबळ कारण. जिल्हा बँकेला हक्काची ठेव मिळावी हा हेतूही त्यात होता.

वर्धा जिल्ह्याचा अनुभव

या व्यवस्थेची किंमत वर्धा जिल्ह्याला कळली. २००२ मध्ये उघडकीस आलेल्या होम ट्रेड रोखे प्रकरणात नागपूरप्रमाणेच वर्धा जिल्हा बँकेचीही रक्कम अडकली. थकीत कर्जांचा भार होताच. सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा १ मार्च १९६६ पासून लागू झाला असला, तरी अनेक जिल्हा बँका दीर्घकाळ परवान्याविना कारभार करीत होत्या. राकेश मोहन समितीने २००९ मध्ये या स्थितीला २०१२ ची मर्यादा सुचविली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील २३ विनापरवाना जिल्हा बँकांसाठी २,३७५.४२ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, तेव्हा त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, वर्धा व बुलढाणा या तीन बँका होत्या.

मधल्या काळात ठेवीदारांना स्वतःचीच रक्कम काढणे दुरापास्त झाले. शेतकऱ्याची ठेव लहान व हंगामी असल्याने त्याची झळ पीककर्ज थांबण्याच्या रूपाने बसली. पगारदाराची गोष्ट वेगळी होती. निवृत्तीची रक्कम, मुलीच्या लग्नासाठी साठविलेली पुंजी वेतनाच्याच बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवण्याकडे साहजिकच त्याचा कल असतो. ज्या बँकेची निवड त्याने केली नव्हती, तिच्या अपयशाचा वाटा त्याच्याकडे आला. सोडतीत हरणाऱ्याचे निदान मुद्दल तरी परत मिळते.

खाते कोठे असावे याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढे मुंबईत न्यायालयापर्यंत गेला. शिक्षकांची वेतनखाती युनियन बँकेतून मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत वळविणारा जून २०१७ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केला. वर्ध्यात असा वाद उभा राहण्याआधीच ठेवी अडकल्या होत्या. त्या काळी ठेव विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. पण बँक अवसायनात निघाली नाही आणि तिच्यावर केवळ निर्बंध आले, तर तेवढाही विमा मिळत नसे. निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद कायद्यात आली ती २०२१ मध्ये.